हमीदाराचं रक्त

ज्या वर्षी माझ्या पुतणीचं लग्न ऐन हळदीच्या दिवशी मोडलं, त्या वर्षीची, म्हणजे २०४१ सालची ही गोष्ट. मांडव गल्लीत तसाच उभा राहिला आणि दोन पातेली बुंदी घरोघर वाटून संपवावी लागली. तिसऱ्या दिवशी त्याच बुंदीची वाटी हातात घेऊन माझी सून सानिका माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आत्या, मुल्ला वकीलबाईंचा फोन होता. हमीदार म्हणून तुमचं नाव घाला म्हणतात."

आमच्या इचलकरंजीकडं सून सासूला आत्या म्हणते. सानिकाचं लग्न माझ्या एकुलत्या एका मुलाशी, दिग्विजयशी, आदल्या वर्षी माघात झालं होतं. तो अकरा वर्षांपासून परदेशात होता. उत्तरेकडच्या एका बंदरात मासे साफ करून गोठवायच्या कारखान्यात कामाला. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही; प्रकरण मिटलं तरी लिहू नका, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. लग्नासाठी दिगूला एक महिन्याची रजा मिळाली, ती संपली आणि तो गेला. तेव्हापासून सव्वा वर्ष नवरा-बायकोचा संसार फोनवर चालला होता आणि घरात आम्ही दोघीच होतो.

त्या देशाचा नियम असा, की बायकोला बोलवायचं तर नवऱ्याची कमाई ठरलेल्या रकमेच्या वर हवी. दिगूची नव्हती. कारखान्यात नवी यंत्रं आली तसे त्याचे कामाचे तास कमी झाले होते. कमाई कमी पडणाऱ्यांसाठी सरकारनं एक आडवाट ठेवली होती. घरच्या कुणीतरी पाच वर्षं आपली मिळकत त्याच्या मागं उभी करायची. माझे मालक नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होते. त्यांच्या मागं मला पेन्शन येते आणि वरच्या दोन खोल्यांचं भाडं येतं. तेवढं पुरत होतं. पण पेन्शन माणसाबरोबर जाते. म्हणून तिकडच्या सरकारला आधी एवढंच कळायला हवं होतं, की मी पाच वर्षं जगणार का. ही आडवाटही पुढच्या वर्षाअखेर बंद होणार होती.

"आणि मी किती जगणार ते त्यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"तुमचं रक्त," सानिका म्हणाली.

रक्तावरून आयुष्य मोजायच्या या तपासणीला रक्ताचं घड्याळ म्हणतात. ते काय असतं ते मला वकीलबाईंनी दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा माझं मीच समजून घेतलं. मी तीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, त्यामुळं मला ते मागावरूनच कळलं. नक्षीच्या मागाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक आलं की दोरा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, आणि त्यातून वेल, कुयरी काय असेल ती उमटते. माणसाच्या प्रत्येक पेशीत अशीच एक माळ आहे. जन्मापासून मरेपर्यंत तिची भोकं बदलत नाहीत. पण काही भोकांवर बारीक बुचं बसलेली असतात. बूच असलं की तेवढी नक्षी बंद. वय वाढतं तशी ही बुचं काही जागी गळतात, काही जागी नव्यानं बसतात, आणि हे वाटेल तसं होत नाही, एका चालीनं होतं. शास्त्रज्ञांनी ती चाल मोजली. आधी शरीराचं खरं वय सांगता येऊ लागलं. मग लाखो माणसांचं रक्त आणि त्यांच्या मरणाच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर उरलेली वर्षंही सांगता येऊ लागली. एका माणसाबाबत यंत्र चुकू शकतं, हे त्यांनाही मान्य होतं. हजारांत ते फारसं चुकत नव्हतं, आणि सरकारचं काम हजारांशीच असतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मला तेव्हा कुणी सांगितली नाही. या माळेत एक जागा अशी आहे, जिथलं बूच तंबाखू उपटते. इतर कशानं ते सहसा जात नाही.

जूनमध्ये आम्ही कोल्हापूरच्या केंद्रात गेलो. गार हवा, पांढऱ्या भिंती, आणि टेबलामागं एक मुलगी, दात इतके पांढरे की बोलताना आपलं लक्ष तिकडंच जावं. तिनं माझ्यापुढं काचेची पाटी ठेवली. पाटीवर मराठीत प्रश्न होते.

"सूनबाई भरतील का तुमचा फॉर्म?" ती म्हणाली.

"मी भरीन," मी म्हणाले.

मालक गेल्यावर पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायची लाज वाटली म्हणून मी त्रेपन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. तेव्हापासून माझा कागद मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. सानिका खुर्चीमागं उभी राहिली. नाव, मालन बाळासाहेब चौगुले. वय सहासष्ट. साखर, नाही. रक्तदाब, थोडा. अकरावा प्रश्न होता: तंबाखूचा कोणत्याही स्वरूपात वापर. होय किंवा नाही.

माझा हात थांबला.

मी मिश्री लावते. वयाच्या बाराव्या वर्षापासून. बाजारातून तंबाखूचं पान आणायचं, तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं आणि सकाळी उठल्यावर बोटानं दातांना लावून बसायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या जुन्या बायका लावतात. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन गडी माणसांना असतं. मिश्री लावल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, पोट साफ होत नाही, एवढंच.

मी पाटीकडं बघितलं, मग त्या मुलीच्या दातांकडं बघितलं, आणि "नाही" वर बोट ठेवलं.

नंतर तिनं बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. हमीदारानं स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं. मी उजवा हात वर करून बोलले, की माझ्या सुनेनं माझ्या मुलाजवळ राहावं अशी माझी इच्छा आहे आणि मी पाच वर्षं मागं उभी राहीन. मुलगी म्हणाली, "आजी, जरा हसा, चेहरा नीट दिसू दे." मी हसले.

उत्तर दोन ऑगस्टला आलं. कागद माझ्या नावाचा होता म्हणून मीच वाचायला घेतला. मी सावकाश वाचते. सानिका समोर पोळपाटावर हात तसाच ठेवून बसली होती.

"नामंजूर," मी वाचलं. पुढं दोन कारणं होती. पहिलं, हमीदाराची उरलेली वर्षं चार आणि महिने दोन, हमीसाठी अपुरी. दुसरं, हमीदाराच्या रक्तात तंबाखूच्या दीर्घ वापराची खूण स्पष्ट असताना नाही असं उत्तर दिलं आहे. हे खोटं निवेदन समजून अर्जदारास दहा वर्षं अर्ज करता येणार नाही. खुलासा करायचा असल्यास अठ्ठावीस दिवसांत.

कागदावर आपल्या मरणाचा अंदाज वाचला तर माणसाला काय वाटत असेल, असं मला पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. त्या वेळी काही वाटलं नाही. चार वर्षं दोन महिने हे मला सानिकाच्या तोंडाकडं बघून पुष्कळ वाटले.

"दहा वर्षं," ती म्हणाली. "दहा वर्षांनी मी चाळिशीला आलेली असेन."

"अगं, वकीलबाईंना फोन कर."

"तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"मिश्रीला कोण तंबाखू म्हणतं गं?"

"तुम्ही म्हणता. बाजारातून आणताना काय मागता? पान तंबाखूचंच असतं की." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी गेले की तुम्ही एकट्या पडणार. ते तुम्हाला नको होतं. तोंडावर बोलला असतात तर चाललं असतं, आत्या. मुद्दाम असं करायला नको होतं."

तिनं पोळ्या लाटल्या, माझं ताट वाढलं आणि वर गच्चीत जाऊन दिगूला फोन लावला. ताटाकडं बघत मी बसून राहिले. दीड वर्ष ही मुलगी माझ्या शेजारी बसून पेपर वाचायची आणि माझी वेलांटी चुकली की हसायची. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

मुल्ला वकीलबाई साठीच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. त्यांचं ऑफिस जुन्या सूत बाजारात, वर पत्रा. त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

"मालनताई, तुम्ही होय लिहिलं असतंत तर काम झालं होतं. सवय सोडण्याची लेखी हमी घेतात आणि कमी पडणाऱ्या महिन्यांची सवलत देतात. सून या महिन्यात विमानात बसली असती."

सानिका खिडकीबाहेर बघत होती.

"आता काय करायचं ते सांगा की," मी म्हणाले.

"दोन कामं. पहिलं, खोटेपणाचा डाग काढायचा. ते मुलाखत घेतील, यंत्र भाषांतर करेल. तुम्ही एकच सांगायचं, मिश्रीत तंबाखू असते हे मला माहीत नव्हतं. शिकलेल्या नाही, खेड्यातल्या आहात, ते मानतील. दुसरं, वर्षं. फेरतपासणी एकदाच मिळते, सहा महिन्यांनी. आजपासून मिश्री बंद केलीत तर ते उपटलेलं बूच हळूहळू परत बसायला लागतं. पुरतं भरून यायला कैक वर्षं जातात. पण आपल्याला दहाच महिने हवेत."

"चार वर्षं दोन महिन्यांची पाच वर्षं."

"हो. आणि मध्ये एकदा जरी लावलीत तरी रक्तात कळेल."

बाहेर पडल्यावर सानिका म्हणाली, "डबी द्या."

मी कमरेची डबी काढून तिच्या हातावर ठेवली. पितळेची, मालकांनी जत्रेतून आणलेली. तिनं ती पर्समध्ये टाकली, जशी शाळेत बाई पोराचा भवरा काढून घेतात तशी.

माझी थोरली जाऊ सिंधूबाई शेजारच्याच घरात राहते. वय त्र्याऐंशी, तोंडात चारच दात, पण त्या चारांनाही ती रोज मिश्री लावते. तिसऱ्या दिवशी मी डोकं धरून तिच्या पायरीवर बसले होते.

"काय झालंय गं?"

"मिश्री सोडली."

"का? कुणी मेलं का काय?"

मी सगळं सांगितलं. तिला घड्याळ कळलं नाही, चार वर्षं दोन महिने तेवढं कळलं.

"मग कशाला सोडतीस? आहेत तेवढी वर्षं सुखानं लाव की. देवाच्या घरी मिश्री मिळत न्हाई म्हणं." असं म्हणून तिनं आपली डबी उघडून पुढं केली.

वास आला. मला आजही तो लिहून सांगता येणार नाही. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि माझं बोट कधी डबीत गेलं ते मलाच कळलं नाही. बोट वर आलं तेव्हा टोकाला काळी भुकटी होती. समोर आमच्या दारात सानिका उभी होती.

ती ओरडली नाही. धावत आली नाही. तिथंच उंबऱ्यावर बसली आणि माझ्या बोटाकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघत राहिले. सिंधूबाई एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती.

"लावा की," सानिका म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. रक्तच सांगेल."

मी उठून नळाखाली बोट धरलं आणि दगडानं घासलं. कातडी निघाली तेव्हा थांबले.

पहिला महिना वाईट गेला. डोक्यात घण पडायचे. पोट फुगायचं. कुणी जरा मोठ्यानं बोललं तरी मी अंगावर जायचे. सानिका काही न बोलता सकाळी कोमट पाणी, इसबगोल, बडीशेप माझ्यापुढं ठेवायची. तिनं तव्यावर कडुनिंबाची काडी भाजून तिची पूड करून दिली, बोटाला काम असावं म्हणून. ती चवीला राखेसारखी होती. मी ती लावत बसायचे.

रविवारी दुपारी दिगूचा फोन यायचा. पडद्यावर त्याचं तोंड यायचं, मागं खिडकीत करडं आभाळ.

"आईचं डोकं कसं आहे?"

"ठणकतंय. मिश्रीचं आहे, जाईल म्हणतात डॉक्टर," सानिका सांगायची.

"माझंही ठणकतंय चार दिवस. इथं थंडी लई."

"तू कुठं मिश्री लावतोस?" मी विचारायचे, आणि तिघं हसायचो. तेवढ्यापुरती सानिका माझ्याबरोबर हसायची.

तो म्हणायचा, "आई, तू जप. सगळं तुझ्यावर आहे." मग आम्ही पुन्हा माझ्या डोक्याबद्दल बोलायचो.

मुलाखत सत्तावीस ऑगस्टला ठरली. आदल्या दिवशी सानिका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फोन होता. पंचवीस दिवसांत ती आपणहून माझ्या खोलीत आली नव्हती.

"आत्या, हे बघा."

फोनवर मीच होते. केंद्रातलं माझं बोलणं, वकीलबाईंना पाठवायला तिनं अर्जातून काढून घेतलं होतं. मी बोलत होते आणि शेवटी हसले. सानिकानं तिथं चित्र थांबवलं आणि मोठं केलं. माझे दात. वरचे, खालचे, सगळे कडांनी काळे, हिरड्या काळ्या, आणि हमी देताना वर केलेला हात, उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत काळी.

"लपवायचं असतं तर तुम्ही हसला नसता," ती म्हणाली.

ती खाली माझ्याजवळ बसली नाही. पण दारातच उभी राहिली बराच वेळ.

मुलाखत वकीलबाईंच्या ऑफिसात झाली. पडद्यावर पलीकडं एक माणूस होता, माझ्या दिगूच्या वयाचा, सर्दी झालेला, सारखं नाक पुसत होता. तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि यंत्र त्याचं मराठी करायचं, अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. "आदरणीय हमीदार, आपण निवांत आहात काय?"

"निवांत कुठली?" मी म्हणाले. वकीलबाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

नाव, गाव, घर झालं. मग त्यानं विचारलं, मिश्री कशापासून बनते हे आपणास ठाऊक होते काय.

वकीलबाईंनी शिकवलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सात शब्दांचं. ते बोलले असते तर मी अडाणी ठरले असते आणि सानिका सुटली असती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर खाली घातली होती आणि दोन्ही हातांनी पदर पिळत होती. मला वाटलं, हे वाक्य बोलले तर ही जन्मभर मला कशात तरी खोटी धरील.

"होय," मी म्हणाले. "मी स्वतः भाजते. तंबाखूचं पान असतं."

वकीलबाईंनी डोळे मिटले. पलीकडच्या माणसानं नाक पुसायचं थांबवलं.

"मग आपण नाही असे उत्तर का दिले?"

"आमच्याकडं कुणी त्याला व्यसन म्हणत नाही. दात घासायचं ते. बाराव्या वर्षापासून लावते, माझी आई लावायची, तिची आई लावायची. तुम्ही सकाळी तोंड धुता का, असं विचारलं असतं तर मी होय लिहिलं असतं."

"आपला हेतू लपवण्याचा होता काय?"

मी तोंड उघडलं आणि पडद्याजवळ नेलं. मग बोट वर केलं. महिना होत आला तरी काळं पुरतं गेलं नव्हतं. "तुमच्या त्या पहिल्या चित्रात बघा," मी म्हणाले. "तुमच्याच मुलीनं हसा म्हटलं आणि मी हसले. चोर असा दिवा लावून चोरी करत नाही."

यंत्रानं त्याचं काय केलं कोण जाणे. तो माणूस खाली काहीतरी बघत राहिला, बहुतेक तेच चित्र. मग तो काहीतरी बोलला आणि यंत्र म्हणालं, "हे आपल्या ओळखपत्राच्या छायाचित्रातही दिसते आहे. आपले आभार."

नऊ दिवसांनी खोटेपणाचा शेरा काढल्याचा कागद आला. दहा वर्षांची बंदी गेली. राहिलं ते घड्याळ.

ते सहा महिने मी एकेक दिवस मोजून काढले. सकाळी चालायला जायचे, पंचगंगेच्या रस्त्यानं, पाय दुखेपर्यंत. दिवाळीत फराळ बेतानं खाल्ला. सिंधूबाई म्हणायची, "ही मराया घाबरतीया." मी म्हणायचे, "मराया नव्हं, लवकर मराया घाबरतीया." सानिका आता पेपर घेऊन पुन्हा माझ्या शेजारी बसायची, पण वाचता वाचता मध्येच माझ्या श्वासाकडं कान द्यायची, रंग बघायची. मला ते आवडत नव्हतं. दुसऱ्याला आपल्या जगण्याचा एवढा उपयोग असला, की साधं खोकणंही आपल्या मालकीचं राहत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसरा थेंब घेतला. त्याच पांढऱ्या दातांच्या मुलीनं. एप्रिलमध्ये कागद आला. या वेळी मी तो सानिकाला दिला.

"वाच तू. माझ्यानं होत नाही."

तिनं वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. "पाच वर्षं एक महिना," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवर हात ठेवला. तर्जनी तोवर माणसाच्या रंगाची झाली होती.

बाकीचे कागद व्हायला जुलै उजाडला. जायच्या दिवशी सकाळी ती बॅग भरत होती. मी चटणीची बरणी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधत होते. मला ते तेव्हाच बोलायचं होतं, कारण विमानतळावर मला बोलता आलं नसतं.

"सानिका, त्या दिवशी फॉर्म भरताना माझा हात थांबला होता."

ती घडी घालत राहिली.

"मी मुलाखतीत खोटं बोलले नाही. पण पुरतं बोलले नाही. मिश्री म्हणजे तंबाखू हे मला तेव्हाही आठवलं होतं. त्या मुलीसमोर लिहायची लाज वाटली. आणि..." मी गाठ घट्ट केली. "तू जाऊ नयेस असं मनात नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. किती लाज आणि किती ते, हे माझं मलाच सांगता येत नाही."

बरणी माझ्या हातातून घेऊन तिनं बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली.

"तुमचा हात थांबलेला मी बघितला होता," ती म्हणाली. "मी मागंच उभी होते की. मला माहीत होतं काय लिहायला पाहिजे. मी तोंड उघडलं पण होतं."

"मग?"

"मलाही लाज वाटली. माझी सासू मिश्री लावते, हे त्या मुलीसमोर म्हणायची." तिनं बॅगेची चेन ओढली. "म्हणून तर तुमच्यावर एवढी चिडले होते, आत्या."

मग तिनं पर्समधून माझी पितळेची डबी काढून माझ्या हातात दिली. घासून लख्ख केलेली, रिकामी. आत तिनं बडीशेप भरली होती.

नऊ जुलै २०४२ ला ती गेली. "होय" लिहिलं असतं तर आदल्या ऑगस्टमध्ये गेली असती. अकरा महिने उशीर झाला. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, अकरा महिने म्हणजे काय, पुढं सगळं आयुष्य पडलंय. दिगूनं विमानतळावरून दोघांचा फोटो पाठवला. त्यात त्यानं कानटोपी घातली होती आणि एक हात कपाळावर होता, ऊन लागत असल्यासारखा. तिकडं त्या दिवशी ऊन नव्हतं.

नियमाप्रमाणं माझं रक्त दर वर्षी तपासतात. मिश्री सुटल्यामुळं बुचं परत बसत चालली आहेत, असं केंद्रातली मुलगी सांगते. गेल्या खेपेला माझी उरलेली वर्षं सहा आणि महिने चार निघाले. माझं वय आता एकोणसत्तर आहे. सानिका तिथंच एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा गेलेल्या बाईला राहू देतात, पण हमी पुरी होईपर्यंत हमीदार जिवंत लागतो, म्हणून मी रोज चालायला जाते आणि रविवारी दुपारी फोनजवळ बसते. ती आधी माझं डोकं कसं आहे ते विचारते. मग मी तिला तिचं विचारते, आणि तिनं दोनदा बरं आहे म्हटल्याशिवाय सोडत नाही.

दिगूचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. नियमात नवऱ्याची कमाई तेवढी बघायची होती, आणि डोकं दुखतंय असं तो म्हणाला तेव्हा आम्ही माझ्या डोक्याबद्दल बोलत होतो.

माझा मुलगा दिग्विजय बाळासाहेब चौगुले गुरुवारी, १७ सप्टेंबर २०४३ रोजी सकाळी, कामावर उभा असताना डोक्यातली नस फुटून वारला. त्याचं वय छत्तीस होतं. लग्नानंतरचा महिना धरून ती दोघं पंधरा महिने एकत्र राहिली.